स्टार स्ट्रायकर सरावाला येत नाही, बसवला तर पेठ उठेल. काय करावं?

सकाळ_गांधीमैदान

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये वरिष्ठ गटात खेळणाऱ्या एका पेठेतल्या संघाचं प्रशिक्षण बघतोय. संघाचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, पण त्यांनीही इथं लिहू नये ही विनंती.

२० खेळाडूंची नोंदणी आहे. त्यात एक स्ट्रायकर, वय २४. निम्म्याहून जास्त गोल त्याचेच. सराव आठवड्यातून चार दिवस, सकाळी ६ ते ७:३०. हा दोनच दिवस येतो, तेही वॉर्मअप संपल्यावर. मॅचमध्ये पास चुकला की दोन्ही हात वर करून पोरांकडे बघतो, अख्ख्या स्टँडला दिसेल असं. १९-१९ वर्षांचे दोन विंगर (कडेनं खेळणारे) आहेत. त्यांनी आता गोलकडं बघणंच सोडलंय, चेंडू आला की डोळे झाकून ह्याच्याकडे. गेल्या मॅचला ६५व्या मिनिटाला बदलला, तर दिलेला बिब (बदली खेळाडूंचं रंगीत जाकीट) टाकून, बाकड्यावर न बसता सरळ गेटाबाहेर. संध्याकाळपर्यंत त्याचं रील पेठभर फिरलं, आणि खाली सगळ्या शिव्या मला.

अध्यक्ष म्हणतात, "आधी लीग काढा, मग बघू. त्याला दुखवू नका." बाकीची पोरं काही बोलत नाहीत, पण माझ्याकडं बघत्यात.

नऊ दिवसांनी शेजारच्या पेठेशी मॅच आहे, शाहू स्टेडियम भरणार. त्याला बसवू का? बसवला तर कसं, आणि नाही बसवला तर बाकीच्या १९ जणांना काय सांगू? ज्यांनी संघ हाताळलेत त्यांनी नेमकं सांगा. "प्रेमानं समजवा" एवढंच नको.

---

डावा_बॅक

दादा, बसवायचा की नाही हे नंतर. तो का येत नाही हे तुमच्या पोस्टमध्ये कुठंच नाही, आणि सगळं औषध त्यावर ठरतं.

आपल्याकडं कारणं साधारण चारच निघतात. पहिलं, कामाची शिफ्ट. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रात्रपाळी असेल तर सकाळी सहाला तो मैदानात येऊच शकत नाही, आणि दुसरी पाळी असेल तर झोपायलाच एक वाजतो. दुसरं, दुखणं लपवणं. मांडीमागचा स्नायू किंवा जांघ धरलेला खेळाडू सराव चुकवतो आणि मॅचला पट्टी बांधून उतरतो. त्याचे पहिल्या २० मिनिटांतले स्प्रिंट आणि शेवटच्या २० मिनिटांतले स्प्रिंट मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओत मोजा, लगेच कळतं. तिसरं, पैसे. ठरलेलं मानधन थकलंय का, आणि बाहेरून आणलेल्या खेळाडूला खोली, जेवण, महिन्याचे पैसे वेळेवर मिळत असताना ह्याला "तू तर पेठेतलाच" म्हणून थांबवलंय का? चौथं म्हणजे खरोखरचा माज. पहिल्या तिन्हींची खात्री झाल्याशिवाय चौथ्याचं नाव घ्यायचं नाही, कारण थकबाकी मंडळाची असताना शिस्तीची भाषा केली तर पहिल्याच वाक्याला तो तोंड बंद करेल, आणि ते बरोबरच असेल.

मग बोलणं. तालमीच्या कट्ट्यावर नाही, मंडळाच्या ऑफिसात चार कार्यकर्ते बसलेले असताना नाही, आणि फोनवर तर अजिबात नाही. मॅचच्या दिवशी नको, हरल्याच्या दुसऱ्या दिवशीही नको. तुम्ही दोघंच. १५ ते २० मिनिटं. जास्त लांबलं की भाषण होतं.

आधी त्याच्या खेळातली एक खरी गोष्ट सांगा, पण नेमकी. "तू भारी खेळतोस" हे त्याला कट्ट्यावर रोज ऐकायला मिळतं. "दुसऱ्या गोलला स्टॉपरच्या (मधल्या बचावपटूच्या) पाठीमागून नजर चुकवून पुढच्या पोस्टला आलास, ते बाकी कुणाला सुचलं नसतं" हे फक्त प्रशिक्षक सांगू शकतो. त्यानंतर दोन प्रसंग, तारखेसकट. "तू नेहमी उशिरा येतोस" म्हटलं की तो एक दिवस वेळेवर आलेला काढून दाखवेल आणि वाद तिथंच अडकेल. "मंगळवारी ६:२५, गुरुवारी गैरहजर, निरोप नाही" यावर वाद होत नाही. मग गप्प बसा. खरंच गप्प. बहुतेक प्रशिक्षक इथं घाई करतात, प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देतात.

शेवटी एकच गोष्ट ठरवायची, पाच नाही. उदाहरणार्थ, "आठवड्यात तीन सराव, न जमल्यास आदल्या रात्री ९ पर्यंत मला मेसेज." आणि दोन आठवड्यांनी परत बसायचं हेही त्याच वेळी ठरवा. नाहीतर ठरलेलं आठवड्यात विरून जातं.

---

जुना_स्टँड

एवढं समुपदेशन कशाला? लई लाड झाल्यात. बसवा बाहेर. मँचेस्टर युनायटेडच्या कोच फर्ग्युसननं कुणाला सोडलं? रॉय कीन कर्णधार होता, क्लबच्याच टीव्हीवर सहकाऱ्यांना नावं ठेवली, २००५च्या नोव्हेंबरात बाहेर. बेकहॅम २००३ला गेला. व्हॅन निस्टलरॉयला २००६च्या लीग कप फायनलला बाकड्यावरनं उठूच दिलं नाही, उन्हाळ्यात माद्रिदला रवाना. आणि पुढच्याच हंगामात युनायटेडनं लीग मारली. संघापेक्षा मोठा कोणी नाही, विषय संपला.

---

डावा_बॅक

भावा, विषय तिथं सुरू होतो. व्हॅन निस्टलरॉय गेला तेव्हा फर्ग्युसनकडं रूनी होता आणि रोनाल्डो वाढत होता. आपल्या दादांकडं त्या जागी कोण आहे ते त्यांनी लिहिलेलं नाही.

आणि फर्ग्युसनचं अर्धंच सांगतोस. १९९५च्या जानेवारीत कँटोनानं क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर प्रेक्षकाला लाथ घातली. सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी. त्या उन्हाळ्यात तो इंग्लंडच सोडायला निघाला, तर हाच फर्ग्युसन पॅरिसला जाऊन त्याला समजावून घेऊन आला. १९९५-९६ला युनायटेडनं लीग आणि एफए कप दोन्ही घेतले, कपच्या फायनलचा एकमेव गोल कँटोनाचा. दोघांत फरक काय? कीनचा राग आतल्या पोरांवर निघाला, तोही कॅमेऱ्यासमोर. कँटोनाचं लफडं बाहेरच्या माणसाशी होतं, ड्रेसिंग रूममध्ये तरणी पोरं त्याच्याकडं बघून सरावानंतर थांबायची. "हा खेळाडू किती त्रासदायक" यापेक्षा "त्याचा त्रास कुणाला" हे आधी बघायचं.

बसवण्याला किंमतही असते, ती आधी मोजा. आर्सेनलच्या कोच आर्टेटानं डिसेंबर २०२१मध्ये स्ट्रायकर ऑबामेयांगचं कर्णधारपद काढलं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो बार्सिलोनात. त्याच्या जागी त्या जानेवारीत नवा स्ट्रायकर घेतला नाही. हंगामाअखेर आर्सेनल पाचवं, चौथ्या टॉटनहॅमपेक्षा दोन गुणांनी मागं, चॅम्पियन्स लीग हुकली. पुढच्या वर्षी दुसरं आलं हेही खरं. पण आर्टेटाच्या मागं मालक उभे होते. इथं अध्यक्ष "दुखवू नका" म्हणतायत. मागं कोणी नसताना कडक झालेला प्रशिक्षक पुढच्या महिन्यात घरी बसतो, आणि खेळाडू तसाच राहतो.

---

शिट्टी

रेफरीच्या बाजूनं थोडं, कारण बदलीचा प्रसंग पुन्हा येणार.

खेळाडूनं बदली व्हायला नकार दिला तर रेफरी त्याला ओढून बाहेर काढत नाही. नियम ३ प्रमाणे खेळ पुढं सुरू होतो, म्हणजे तुमचा फलक वर आणि तुमचाच माणूस आत. २०१९च्या लीग कप फायनलला चेल्सीचा गोलकीपर केपानं हेच केलं. बदली गोलकीपर कबालेरो लाइनवर उभा, केपा हलेना, कोच सारी बोगद्याकडं निघून परत आला. पेनल्टीत चेल्सी हरली. पुढचं बघण्यासारखं आहे. केपाला एका आठवड्याच्या पगाराचा दंड, तीन दिवसांनी टॉटनहॅमविरुद्ध कबालेरो खेळला, २-० जिंकले, आणि त्याच्या पुढच्या मॅचला केपा परत गोलमध्ये. एक मॅच. शिक्षा छोटी, ताबडतोब, आणि संपणारी. लोकांना फायनलचा गोंधळ आठवतो, त्यानंतरचा आठवडा आठवत नाही.

२०१९-२० पासून बदली होणाऱ्यानं जवळच्या रेषेवरून बाहेर पडायचं असतं. मुद्दाम रेंगाळला तर पिवळं. बाहेर आल्यावर शिवीगाळ केली तरी त्याला कार्ड दाखवता येतं. लाल मिळालं तर त्या मॅचला तुमचा आकडा कमी होत नाही, पण पुढच्या मॅचला तो नसतो.

आणि हे प्रशिक्षकांनी खास लक्षात ठेवावं. बाकड्यावरून बाटली फेकली गेली, कुणी फेकली ते समजलं नाही, तर कार्ड तांत्रिक क्षेत्रातल्या (बाकड्यासमोरच्या आखलेल्या जागेतल्या) वरिष्ठ प्रशिक्षकाला मिळतं. बाकड्यामागं मंडळाचे हौशी कार्यकर्ते बिनकामाचे उभे करू नका.

हात वर करण्याबद्दल. स्वतःच्या सहकाऱ्याला हातवारे करणं हा गुन्हा नाही, पण तोच हात पुढच्या क्षणी सहायक रेफरीकडं वळतो आणि मग निषेधाचं पिवळं येतं. ही सवय एकच आहे.

---

सकाळ_गांधीमैदान

डावा_बॅक, तुमच्या प्रश्नांवर आज चौकशी केली. दुसरी पाळी आहे, रात्री साडेअकराला सुटतो. दुखणं दिसत नाही. मानधन दोन महिन्यांचं थकलंय, बाहेरच्या दोघांना मात्र वेळेवर मिळतंय. हे मला खजिनदारांनी आज सांगितलं! त्याच्या जागी दुसरा म्हणजे २१ वर्षांचा एक पोरगा आहे. पळतो खूप, हेड चांगला आहे, फिनिशिंग कच्चं.

जुना_स्टँड, राग कळतो, पण नऊ दिवसांत स्ट्रायकर तयार होत नाही.

---

हिशेब_वही

मग निम्मा गुंता सुटला की. आधी थकबाकी. मॅचच्या आदल्या दिवशी देऊ नका, ते लाच दिल्यासारखं दिसतं आणि त्यालाही तसंच वाटतं. ह्याच आठवड्यात द्या, आणि फक्त त्याला नाही. ज्यांचे ज्यांचे थकलेत त्या सगळ्यांना एकाच दिवशी, वहीत सही घेऊन. पूर्ण जमत नसेल तर सगळ्यांना सारखा हिस्सा आणि उरलेल्याची तारीख. खजिनदार म्हणतील स्टारचे आधी देऊन टाकू. तिथंच संघ फुटतो, कारण तालमीत पैशाची बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना असते.

आता अध्यक्ष. त्यांच्याशी खेळाडूबद्दल बोलूच नका, अधिकाराबद्दल बोला. एक कागद, अर्ध्या पानाचा: अकरा कोण खेळणार आणि बदली कधी, हे प्रशिक्षक ठरवणार. मानधन आणि नोंदणी, हे मंडळ ठरवणार. खेळाडू मंडळाकडं निवडीची तक्रार घेऊन आला तर उत्तर एकच, "कोचशी बोल." खाली अध्यक्ष, सचिव आणि तुमची सही. ते सही करत नसतील तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

हे तीन कोन फुटले की काय होतं ते फ्रान्सनं २०१० विश्वचषकात दाखवलं. मेक्सिकोविरुद्ध हाफ टाइमला अनेल्कानं कोच डोमेनेकला शिव्या दिल्या. शिवीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ते पेपरात पहिल्या पानावर आलं. मग महासंघानं त्याला परस्पर घरी पाठवलं, खेळाडू बसमध्ये जाऊन बसले, सराव नाही म्हणाले, आणि त्यांचं निवेदन पत्रकारांसमोर खुद्द प्रशिक्षकानं वाचून दाखवलं! एक गुण घेऊन गटात शेवटचे. प्रशिक्षक, महासंघ आणि खेळाडू तिघांनी तीन वेगळे निर्णय घेतले. आपल्याकडं फक्त महासंघाच्या जागी मंडळ आणि पेपराच्या जागी व्हॉट्सॲप ग्रुप.

नियमांचं म्हणाल तर पाचच्या वर नकोत. वेळ, निरोप, बदलीनंतर मॅच संपेपर्यंत बाकड्यावर बसणं, मैदानात सहकाऱ्याला हातवारे नाहीत, ड्रेसिंग रूममध्ये मोबाईलचं शूटिंग नाही. पैशाचा दंड ठेवू नका. ₹५०० ठेवलेत तर एखादा समर्थक कट्ट्यावरच भरून टाकेल आणि त्याचंही रील निघेल. दंड वेळेचा किंवा कामाचा असावा. उशीर झाला तर सरावानंतर कोन, बॉल, बिब गोळा करणं. निरोपाशिवाय दोन सराव चुकवले तर पुढच्या मॅचला पहिल्या अकरात नाही, कुणी का असेना. युनायटेडमध्ये कोच टेन हागनं ३१ डिसेंबर २०२२ला रॅशफर्डला असंच बसवलं. झोप लागली, मीटिंगला काही मिनिटं उशीर. वुल्व्ह्जविरुद्ध हाफ टाइमला आत घेतला, गोल त्यानंच मारला, १-०. शिक्षा ४५ मिनिटांची, आणि नंतर तो विषय कुणी उकरला नाही.

पण हे आज जाहीर करून मागच्या महिन्याच्या गैरहजेऱ्यांवर लावू नका. थकबाकी तुमच्याकडून होती, हजेरी त्याच्याकडून नव्हती. दोन्ही पाट्या कोऱ्या करून सुरू करा.

---

जुना_स्टँड

थकबाकीचं माहीत नव्हतं. मग माझी पोस्ट थोडी गार करतो. पण बिब टाकून गेटाबाहेर जाणं, त्याचं काय? ते तर पगाराशी संबंधित नाही. स्टँडवरच्या बारक्या पोरांनी ते बघितलंय.

---

हिशेब_वही

बरोबर, ते सोडायचं नाही. पण मागायचं काय ते नीट ठरवा. समर्थकांसमोर माफी, स्टोरी टाकून माफी, असलं काही नको. त्याला ती हार वाटेल आणि पेठेला तमाशा. सरावाच्या आधी रिंगणात उभं राहून टीमला एक वाक्य, "त्या दिवशी चुकलं, परत होणार नाही." बस्स. हे तुमच्या त्या २० मिनिटांच्या बोलण्यातच ठरवून घ्या, ऐनवेळी पोरांसमोर "बोल आता" असं करू नका.

मँचेस्टर सिटीच्या टेवेझचं प्रकरण बघा. सप्टेंबर २०११, म्युनिचमध्ये कोच मँचिनी म्हणतो तो खेळायला तयार नव्हता, टेवेझ म्हणतो गैरसमज. मँचिनी कॅमेऱ्यासमोर बोलला, "माझ्याकडून हा परत खेळणार नाही." त्यानंतर महिनोन्‌महिने दोघांनाही मागं फिरायला जागा नव्हती. शेवटी फेब्रुवारीत टेवेझनं माफी मागितली, मार्चमध्ये चेल्सीविरुद्ध बदली म्हणून येऊन नास्रीच्या विजयी गोलला पास दिला, आणि मे महिन्यात सिटी विजेती. म्हणजे माफीवर भागलं असतं, पण "कधीच नाही" हे वाक्य मध्ये पाच महिने खाऊन गेलं. प्रशिक्षकानं रागात कायमची भाषा करू नये, एवढं मँचिनीकडून शिकण्यासारखं आहे.

---

दोन_टच

सगळे स्ट्रायकरबद्दलच बोलताय. मला त्या दोन विंगरांची जास्त काळजी वाटते. गोल करणारा एकटाच असल्याचं कारण तेही असू शकतं. प्रतिस्पर्ध्याला माहीत असतं की विंगर शॉट मारणार नाही. मग बॅक निवांत आतली बाजू बंद करतो आणि दोन स्टॉपर तुमच्या माणसावर. तो चिडतो, हात वर करतो, पोरं अजून घाबरतात, अजून लवकर पास देतात. माज कुठून सुरू झाला आणि डावपेच कुठून, हे वेगळं काढता येत नाही.

विंगरला "मोकळा खेळ" सांगून उपयोग नाही, जागेवरून निर्णय ठरवून द्या. गोललाइनपर्यंत पोचलास तर मागं पेनल्टी स्पॉटकडं सपाट पास, वर उचलायचा नाही. बॉक्सच्या कोपऱ्यावर आत वळलास तर लांबच्या पोस्टला शॉट, स्ट्रायकर मोकळा असो वा नसो. त्याच्याही मागं असशील तर पास. कोपऱ्यावरून शॉट मारला आणि तो वाया गेला तर जबाबदारी माझी, हे सगळ्यांसमोर सांगा, विशेषतः स्ट्रायकरसमोर. लांबच्या पोस्टलाच का? गोलकीपरनं ढकललेला बॉल तिकडून परत आत येतो आणि तिथं तुमचा स्ट्रायकर उभा असतो. हे त्याला समजलं की विंगरच्या शॉटवर हात वर करण्याऐवजी तो रिबाउंडला पळेल. त्याच्या फायद्याची भाषा आहे ही.

सरावाला ४ विरुद्ध ४, ३० बाय २० मीटर, चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, सहा फेऱ्या. दोन टचची मर्यादा, म्हणजे दोन स्पर्शांत बॉल सोडायचा. गोल तेव्हाच धरायचा जेव्हा चौघंही अर्ध्या रेषेच्या पुढं आलेले असतील. स्टारला आपोआप थांबावं लागतं, मागच्याला हाक मारावी लागते. टीम दरवेळी चिठ्ठ्या टाकून, नाहीतर दोस्त दोस्तांबरोबरच खेळतात. एक चूक इथं हमखास होते: "तुझ्यासाठी एकच टच" असा नियम फक्त स्टारला लावतात. त्याला ते शिक्षा वाटतं आणि बाकीच्यांना गंमत. नियम आठही जणांना सारखा.

बचावातही त्याला छोटं, दिसणारं काम द्या. "सगळीकडं पळ" म्हटलं की तो कुठंच पळणार नाही. दोनच खुणा सांगा. त्यांच्या स्टॉपरनं गोलकीपरला बॅक पास दिला की, आणि बॉल त्यांच्या कच्च्या पायाच्या स्टॉपरकडं गेला की. तेवढ्याला वळण घेऊन धाव, म्हणजे परत दुसऱ्या स्टॉपरला देण्याची वाट बंद. सहा-सात सेकंद जोर, मिळाला नाही तर मिडफिल्डच्या रेषेला परत. मागचे दहा जण हे बघतात. त्यांना तो हाफ लाइनपर्यंत येऊन टॅकल करायला नकोय, सुरुवात त्यानं केलेली दिसायला हवी असते.

पेनल्टी कोण घेणार ते ड्रेसिंग रूममध्ये फळ्यावर लिहा, पहिला आणि दुसरा. २०१७च्या सप्टेंबरात पीएसजीत नेमार आणि कवानी लियॉनविरुद्ध भर मैदानात बॉलवरून हुज्जत घालत होते, कवानीची पेनल्टी वाया गेली. प्रशिक्षकानं ठरवून दिलेलं नव्हतं. २०२४मध्ये चेल्सीत पामरकडून बॉल घ्यायला दोघं आले, ६-० जिंकूनही बोलणं त्याच भांडणाचं. तुमच्याकडं शेजारच्या पेठेविरुद्ध पेनल्टी मिळाली आणि दोघं बॉलला धावले, तर स्टँडवरून काय काय ऐकू येईल ते मी लिहायला नको.

---

सकाळ_गांधीमैदान

विंगरचं कधी असं बघितलंच नव्हतं, कागदावर काढून घेतो. दोन शंका. एक, दुसऱ्या पाळीचं काय करू? आणि दोन, कर्णधार करून टाकला तर जबाबदारीनं सुधारेल असं सचिव म्हणतात.

---

डावा_बॅक

कर्णधारपद लाच म्हणून देऊ नका. ऑबामेयांग कर्णधार होता म्हणूनच त्याचं प्रकरण दुप्पट झालं, खेळाडू बसवायचा आणि कर्णधाराची दंडपट्टीही काढायची. त्यापेक्षा तिघांचा छोटा गट करा. गोलकीपर, एक जुना स्टॉपर, आणि त्या दोघा विंगरांपैकी एक. ड्रेसिंग रूममधली गोष्ट आधी त्यांच्याकडं, मग तुमच्याकडं. मैदानात हात वर केले तर त्याच क्षणी स्टॉपरनं जाऊन एवढंच म्हणायचं, "गड्या, पुढचा बॉल." तुम्ही रेषेवरून ओरडायचं नाही, ते स्टँडला ऐकू जातं.

पाळीचं सोपं आहे. चारपैकी दोन सराव सकाळी ७:३० ते ९ करता येतील का बघा, पण सगळ्यांसाठी. कॉलेजच्या पोरांना तेही चालत नसेल तर एक रविवारचा धरा आणि ह्याच्याकडून तीन घ्या. फक्त त्याच्यासाठी वेगळी वेळ ठेवलीत की ती सवलत होते. वेळापत्रक बदललं की ते सगळ्यांचं होतं. साडेअकराला सुटून सहाला मैदानात येणारा स्ट्रायकर साडेचार तास झोपलेला असतो. अशाकडून स्प्रिंट करून घेतलेत तर पुढच्या महिन्यात मांडीचा स्नायू हातात येईल, मग बसवण्याचा प्रश्नच मिटेल.

---

शिट्टी

पेठेच्या मॅचबद्दल एक. समोरचे तुमच्याच स्ट्रायकरला टोचणार, ते रील त्यांनीही बघितलंय. फलक लागतील, घोषणा येतील. याचा उपयोग करून घेता येतो. १९९७च्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याआधी मोहन बागानच्या अमल दत्तांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची नावं घेऊन टिंगल केली, भुतियाला तर टोपणनाव ठेवलं. ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी खेळाडूंना पेटवण्यात मुरलेले, ती टिंगल त्यांच्या आयती हातात आली. सॉल्ट लेकला १ लाख ३१ हजार लोकांसमोर ईस्ट बंगाल ४-१, भुतियाची हॅटट्रिक. पण पेटवायचं ते गोलसाठी, हातापायासाठी नाही. तुमचा गडी आधीच चिडका असेल तर फलक त्याला दाखवू नका, बाकीच्या दहांना दाखवा. आणि पहिल्या १५ मिनिटांत त्याला पिवळं मिळालं तर हाफ टाइमपर्यंत वाट बघू नका, तिघांच्या गटातल्या कुणाला तरी त्याच्या शेजारी ठेवा.

---

हिशेब_वही

मग नऊ दिवसांचं असं लावता येईल. उद्या-परवा अध्यक्षांची सही आणि थकबाकी, तिसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलणं, चौथ्या दिवशीच्या सरावाला त्याचं ते एक वाक्य आणि पाच नियम सगळ्यांना. उरलेल्या दिवसांत ठरल्याप्रमाणे आला तर खेळवा, पहिल्या अकरात. नाही आला तर २१ वर्षांचा पोरगा सुरुवात करेल आणि हा हाफ टाइमनंतर. दोन्हीपैकी काय, ते त्याला आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वतः सांगायचं. टीम शीटवर नाव बघून त्याला कळता कामा नये, आणि कट्ट्यावर तर त्याच्या आधी कुणालाच नाही. त्या पोराला मात्र आत्तापासून रोज सरावानंतर २० फिनिश द्या, दहा डाव्या पायानं. आज ना उद्या लागणारच आहे.

---

दोन_टच

आणि बदली करणार असाल तर तेही आदल्या संध्याकाळीच सांगा, "६० ते ७०च्या मध्ये काढणार, आघाडी असो वा नसो." बाहेर आला की हात तुम्ही मिळवायचा, पाण्याची बाटली आणि बिब सहायकानं द्यायचा, जागा गेटाकडच्या टोकाला नाही तर गोलकीपरच्या शेजारी ठेवायची. दहा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. का काढलं ते दुसऱ्या दिवशी सांगा, तेव्हा तो ऐकतो.

---

सकाळ_गांधीमैदान

अर्ध्या पानाचा कागद लिहून झाला. रात्री आठला अध्यक्षांना गाठतो. सही मिळाली की इथं कळवतो, नाही मिळाली तरी कळवतो.